मेन्यू ऐकूही आला पाहिजे

आपल्या वेबसाइटवरचा एखादा मराठी परिच्छेद माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर अर्धं काम आधीच झालंय. रोमन अक्षरं, कंस आणि अवतरणचिन्हं यांचा ढीग पडला तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. आणि परिच्छेद निवडताच येत नसेल तर तो मजकूर नव्हेच, चित्र आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत डोळस माणसाला काहीच खटकत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यावर ऐकणाऱ्या अंध माणसाला मात्र जुन्या फॉन्टमध्ये निरर्थक बडबड ऐकू येते आणि चित्रात काहीच नाही.

ॲक्सेसिबिलिटीवर, म्हणजे साइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठी काय करायचं यावर, इंग्रजीत भरपूर लिहिलेलं सापडतं, पण त्यात जुन्या फॉन्टची ही पायरी क्वचितच असते, कारण इंग्रजीला ही अडचण आलीच नाही. इथे बडोद्यात मला सगळ्यात जास्त वेळ तिच्यावरच घालवावा लागतो. मी दांडिया बाजारात आधी लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं डीटीपी करायची, आता छोट्या लोकांच्या वेबसाइट करते. सेव-उसळवाले, क्लासवाले, फिजिओथेरपिस्ट, गणेश मंडळं, एक मराठी वाचनालय. अशा साइटसाठी काय करायचं ते मी करते त्याच क्रमाने सांगते. मोठ्या पोर्टलवाल्यांकडे त्यांची माणसं आहेत, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. वाचलं तर बरंच.

आधी अक्षरं

श्रीलिपीचे जुने फॉन्ट, कृतिदेव, गुजरातीत एलएमजी अरुण, टेराफॉन्ट वरुण. डीटीपीवाल्यांना ही नावं झोपेतही आठवतील. या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी किंवा गुजराती आकार बसवलेला असतो. कागदावर छापायचं असेल तोवर त्यात काहीच वावगं नाही. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र तिथे रोमन अक्षरच असतं, आणि स्क्रीन रीडर आकार बघत नाही, अक्षराचा कोड वाचतो. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, आणायचा. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, पहिली वेलांटी आणि ‘ष्ट्र’, ‘ऱ्या’ यांसारखी जोडणी एकदा नजरेखालून घाला, घोटाळे तिथेच होतात.

‘बेन, आंधळा माणूस आमच्या साइटवर कशाला येईल?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक दुकानात विचारला जातो. उत्तर सोपं आहे, त्यालाही सेव-उसळ आवडते. पण शेठला ते पटेपर्यंत मी थांबत नाही. जुन्या फॉन्टमधलं आणि फोटोतलं नाव गूगलच्या शोधातही नीट सापडत नाही, एवढं सांगितलं की काम सुरू होतं. मतलब काम झाल्याशी.

फोटोचंही तसंच. दुकानाचा मेन्यू म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा तोच एक फोटो, क्लासचं वेळापत्रक म्हणजे फळ्याचा फोटो, निकाल म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. हे सगळं टाइप करून पानावर घाला. पदार्थाचं नाव, किंमत, तिखटाची पातळी, तरी वेगळी मिळते का. फोटो राहू दे, तो भूक लावायला आहे, माहिती द्यायला नाही. पीडीएफ ठेवायचीच असेल तर ती टाइप केलेल्या वर्ड फाइलमधून टॅगसकट, म्हणजे शीर्षक-परिच्छेदांच्या खुणांसकट, एक्स्पोर्ट केलेली असावी. पण निकाल सरळ वेबपानावर टाकणं नेहमीच सोपं पडतं, फोनवर बघणाऱ्या आईवडिलांनाही.

फोटोला ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोऐवजी स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन, द्यायचा असतो, हे बहुतेकांना आता ठाऊक आहे. काय लिहायचं तिथे गोंधळ होतो. ‘फोटो १’, ‘बॅनर’, ‘बडोद्यातील सर्वोत्तम सेव-उसळ दुकान ताजी चविष्ट’ यातलं काहीच कामाचं नाही. समोरच्याला फोनवर सांगाल तसं लिहा: ‘वाटीत लाल रश्श्याची सेव-उसळ, वर शेव आणि हिरवी कांद्याची पात, शेजारी दोन पाव’. बस. सुरुवातीला ‘याचे छायाचित्र’ असंही नको, स्क्रीन रीडर स्वतःच चित्र असल्याचं सांगतो. कडेची वेलबुट्टी, तोरण, स्वस्तिकाची नक्षी असल्या सजावटीला ऑल्ट रिकामा ठेवा. रिकामा म्हणजे अवतरणचिन्हांत काही नाही असा. ऑल्ट गाळूनच टाकला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचायला घेतात, आणि मग ‘आयएमजी अंडरस्कोअर दोन शून्य दोन...’ असं पाठांतर ऐकावं लागतं.

भाषा सांगा

पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग नावाचा गुण असतो. बाजारातून घेतलेल्या बहुतेक टेम्पलेटमध्ये तो इंग्रजीचा, म्हणजे ‘ई-एन’ असतो, आणि कुणी बदलत नाही. पान मराठी असेल तर तिथे ‘एम-आर’ हवं, गुजरातीला ‘जी-यू’, हिंदीला ‘एच-आय’. बडोद्याच्या साइटवर तिन्ही भाषा एकाच पानावर नांदतात, त्यामुळे इथे हे जास्त महत्त्वाचं. गुजरातीची लिपी वेगळी असल्याने सॉफ्टवेअर अंदाज तरी करू शकतं. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, तिथे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायचं कसं? मग मराठी आमंत्रण हिंदी आवाजात वाचलं जातं, किंवा इंग्रजी आवाज देवनागरी शब्द गाळून फक्त आकडे वाचतो. पानाची भाषा वर सांगा आणि मधला गुजराती परिच्छेद असेल तर त्या परिच्छेदाला वेगळा लँग द्या. दोन मिनिटांचं काम.

आता ऐका

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. २००६ मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तो सुरू केला, आणि तो ओपन सोर्स आहे. त्यातल्या ईस्पीक आवाजात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. आवाज यंत्रासारखा वाटेल, सवय होते. कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं, हे आधी शिकून घ्या. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, एफ दाबलं की फॉर्मचा पुढचा रकाना. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची किंवा शीर्षकांची यादी उघडते. ज्यांना ऐकून लवकर कळत नाही त्यांनी टूल्समधला स्पीच व्ह्यूअर उघडावा, बोललेलं सगळं खिडकीत लिहूनही दिसतं. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतोच. तो चालू करण्याआधी सेटिंगमध्ये दोन्ही व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट लावून घ्या, कारण चालू झाल्यावर एका बोटाने सरकवणं, टॅप करणं सगळंच बदलतं आणि माणूस बंद करायच्या बटणापर्यंत पोचत नाही.

लिंकांची यादी उघडून बघा. ‘इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’. पानावर आजूबाजूचं वाक्य दिसतं म्हणून डोळसाला ते चालतं, यादीत ते निरर्थक आहे. लिंकच्या शब्दांतच ती कुठे नेते ते असू द्या: ‘दहावीच्या बॅचचं वेळापत्रक’, ‘वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज’.

शीर्षकांचं बघा. मजकूर मोठा आणि ठळक केला म्हणजे शीर्षक होत नाही. एडिटरमध्ये त्याला हेडिंग म्हणून निवडावं लागतं. पानाचं नाव एच१, त्याखालचे विभाग एच२, त्यांच्या आतले एच३. दिसायला लहान हवं म्हणून एच४ वापरू नका, आकार सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून, बदला.

माझा आतेभाऊ जन्मापासून अंध आहे, रावपुऱ्यात राहतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. माझ्या साइट तो तपासतो आणि त्याचे पैसे घेतो. घ्यायलाच हवेत. दिव्यांग माणसाकडून तपासून घ्यायचं आणि वर ‘तुमच्यासाठीच तर करतोय’ म्हणायचं, ही पद्धत मला आवडत नाही. कोटेशनमध्ये मी तपासणीची वेगळी ओळ टाकते. दादा साइट उघडतो आणि पहिल्यांदा एच दाबत सुटतो. पाच-सहा वेळा दाबूनही दुकानाची वेळ आणि पत्ता सापडला नाही तर म्हणतो, ‘अगं, शेठला सांग, मी फोनच करतो.’ डोळसाने एनव्हीडीए लावून तपासणं आणि रोज त्यावर जगणाऱ्याने तपासणं यांत हा फरक असतो. आपण दिसणाऱ्या पानाशी ताडून ऐकतो, त्याच्यापुढे पानच नसतं.

रंग, आकार, हालचाल

डब्ल्यूसीएजी हे वेब ॲक्सेसिबिलिटीचं जागतिक मापदंड. डब्ल्यू३सी ही संस्था ते काढते, आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात ए, एए, एएए अशा पातळ्या आहेत. आपलं लक्ष्य एए. त्यात साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १.

गणेश मंडळांच्या साइटवर हमखास केशरीवर पांढरी अक्षरं असतात. झेंड्याचा म्हणून जो एफएफ९९३३ या कोडचा केशरी वापरतात, त्यावर पांढऱ्याचा फरक जेमतेम २.१ येतो. मोतीबिंदू झालेल्या काकांना तर सोडाच, भर दुपारी मांडवीच्या रस्त्यावर फोन बघणाऱ्यालाही ते वाचता येत नाही. केशरी सोडायला मंडळ तयार होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. त्याच केशरीवर गडद मरून (रंगाचा कोड ८०००००) घातला की फरक ५.१ होतो. काळा घातला तर ९ च्या पुढे. क्रोममध्ये अक्षरावर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं आणि रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा तिथेच दिसतो.

नुसत्या रंगाने काही सांगू नका. ‘लाल रंगातल्या जागा भरल्या आहेत’ असं असेल तर त्या जागेवर ‘भरली’ असंही लिहा. लाल-हिरवा फरक न कळणारे पुरुष आपल्या ओळखीतच असतात, ते सांगत नाहीत एवढंच.

देवनागरीसाठी एक खास गोष्ट. बटण किंवा पट्टीची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधली की अक्षरं मोठी केल्यावर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. उंची मोकळी सोडा, ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवण्याच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते. अक्षरं दोनशे टक्के मोठी केली तरी पान मोडता कामा नये. फोनवर बोटांनी मोठं करणं बंद करणारी ‘युजर-स्केलेबल नो’ ही सूचना काही टेम्पलेटमध्ये असते, ती दिसल्याबरोबर काढून टाका.

सरकत्या पट्ट्या, आपोआप बदलणारे बॅनर यांना थांबवायचं बटण द्या. खरं तर पट्टीच काढा, ती कुणी वाचत नाही. आणि साइट उघडताच आरती सुरू होणं बंद करा. भक्तिभाव समजतो, पण ती आरती स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढते आणि ती बंद करायचं बटण शोधायलाही त्या माणसाला ऐकावंच लागतं.

माउस बाजूला ठेवा

माउसची वायर काढा. टॅब दाबत पूर्ण पान फिरा, शिफ्ट-टॅबने मागे या, एंटरने लिंक आणि बटण उघडा, एस्केपने खिडकी बंद करा. हात थरथरणारे, एका हाताने काम करणारे, तोंडात काडी धरून टाइप करणारे असे पुष्कळ लोक कीबोर्डवर किंवा त्यासारख्या साधनांवर अवलंबून असतात.

तीन जागी गाडी अडते. पहिली, आपण कुठे आहोत तेच दिसत नाही, कारण डिझायनरने निळी चौकट कुरूप वाटते म्हणून ‘आउटलाइन नन’ लिहून ठेवलेलं असतं. ती ओळ काढा किंवा त्या जागी स्वतःची ठसठशीत चौकट द्या. दुसरी, तीन रेघांचा मेन्यू टॅबने उघडतच नाही, कारण तो बटण नाही, बटणासारखा रंगवलेला डिव, म्हणजे नुसता चौकोन, आहे. खरा बटण टॅग वापरला की एंटर, स्पेस आणि स्क्रीन रीडर तिन्ही आपोआप जमतं. एआरिया नावाचे गुण आणि कीबोर्डसाठी वेगळा कोड लिहून डिवला बटण बनवता येतं, पण सरळ रस्ता असताना वळसा का घ्या? तिसरी, ऑफरची उडी मारून आलेली खिडकी. तिच्यात शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. एस्केपने ती बंद व्हावी, आणि बंद झाल्यावर माणूस होता तिथेच परत यावा.

बोटाने दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हव्यात, हे डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये नव्याने आलं. मी त्याहून मोठ्याच ठेवते.

फॉर्म

रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘आपले नाव’ लिहिलेलं असतं, टाइप करायला लागलं की ते गायब. विसरभोळ्याला, वयस्क माणसाला मग कळत नाही की इथे काय भरायचं होतं. रकान्याच्या वर कायम दिसणारं लेबल द्या आणि ते कोडमध्ये त्या रकान्याशी जोडा. आमच्याकडे गुजराती पद्धतीने आडनाव आधी लिहिणारे आणि मराठी पद्धतीने नाव आधी लिहिणारे दोन्ही येतात, म्हणून मी ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना ठेवते.

चूक झाली तर नुसती लाल चौकट नको. ‘मोबाइल नंबरात १० आकडे हवेत, ९ भरलेत’ असं शब्दांत सांगा, त्याच रकान्याजवळ. तारीख कॅलेंडरवर टिचक्या मारून निवडायची सक्ती नको, टाइपही करता यावी. ओटीपी पेस्ट करू द्या.

नवरात्रात गरब्याचे पास ऑनलाइन विकले जातात तेव्हा उलटी घड्याळं धावत असतात. ऐकून फॉर्म भरणाऱ्याला, एका बोटाने टाइप करणाऱ्याला तेवढा वेळ पुरत नाही. वेळ संपण्याआधी सूचना द्या, आणि एका बटणाने वेळ वाढवून घ्यायची सोय ठेवा. त्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत असं मापदंड सांगतो. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा छोट्या साइटला लागतच नाही. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम, अडवायला एक लपवलेला रकाना पुरतो, जो माणसाला दिसत नाही आणि बॉट भरतो. तो ‘डिस्प्ले नन’ने लपवा, म्हणजे स्क्रीन रीडरही त्यात अडकणार नाही.

ऐकू न येणाऱ्यांसाठी

‘अधिक माहितीसाठी फोन करा’ एवढंच लिहून बहुतेक साइट मोकळ्या होतात. कर्णबधिर माणसाने काय करावं? त्याच नंबराखाली ‘व्हॉट्सॲपवर लिहूनही विचारू शकता’ ही ओळ आणि एक ईमेल टाका. या लेखातली सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच असावी. व्हिडिओला उपशीर्षकं द्या. आपोआप बनलेली मराठी-गुजराती उपशीर्षकं पदार्थांची आणि माणसांची नावं बिघडवतात, म्हणून ती हाताने दुरुस्त करा. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांना लांबलचक मराठी वाचणंही जड जाऊ शकतं, तेव्हा वाक्यं छोटी.

पत्त्याच्या पानावर आणखी एक ओळ घाला: दाराशी पायऱ्या किती, उतार आहे का, लिफ्ट आहे का. व्हीलचेअरवरचा माणूस साइट छान वाचून दुकानाच्या पायरीपाशी थांबला तर काय उपयोग?

विकत मिळणारे शॉर्टकट आणि कायदा

‘ही एक ओळ टाका, साइट आपोआप ॲक्सेसिबल होईल’ म्हणत कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह लावून देणारे येतील. घेऊ नका. त्यांचं सॉफ्टवेअर फोटोतला मेन्यू टाइप करत नाही, आणि दादाच्या एनव्हीडीएच्या पायात मात्र येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दाव्यांबद्दल २०२५ मध्ये एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. वेव्ह, ॲक्स, क्रोममधलं लाइटहाउस ही फुकटची तपासणी साधनं चांगली आहेत, जरूर वापरा. पण ऑल्ट आहे की नाही एवढंच ती सांगतात, तो खरा आहे की नाही ते सांगत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम्य असावं असं सांगतो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. प्रकरण होतं केवायसीचं, म्हणजे बँकेसारख्या सेवांसाठी ओळख पटवून देण्याचं. डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या ॲपपुढे ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांनी करायचं काय, हा प्रश्न होता. सेव-उसळवाल्यावर उद्या कुणी खटला भरेल असं मी सांगत नाही. पण क्लासवाले आणि दवाखाने यांना मी हे आवर्जून सांगते.

साइट हवाली करताना

साइट माझ्या हातात असते तोवर ठीक असते. नंतर ती शेठच्या पुतण्याकडे जाते, आणि दिवाळीला तो ऑफरचा एक झगमगता फोटो पहिल्या पानावर चिकटवतो. म्हणून मी त्याच्यासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी देते आणि ती समोर बसवून एकदा करून घेते. तीत एवढंच असतं: फोटोत जे लिहिलंय ते खाली टाइपही कर. ऑल्ट भर. शीर्षक हेडिंगमधूनच निवड. केशरीवर पांढरं लिहू नकोस. ओळीने दहा पणत्यांच्या इमोजी टाकू नकोस, स्क्रीन रीडर एकेक नाव वाचतो. आणि खाली दादाचं नव्हे, दुकानाचंच ईमेल: ‘ही साइट वापरताना अडचण आली तर इथे लिहा, दोन दिवसांत उत्तर देऊ.’ ते ईमेल कोण उघडणार, हे पुतण्याकडून त्याच वेळी नाव घेऊन ठरवून घेते.